हाउसबोटीवरचा जनरेटर शांत करताना: मालवण किनाऱ्यावरच्या एका खाडीतलं प्रकरण

गाव, बोट आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आकडे आणि घटनाक्रम मात्र त्या कामातलाच आहे. मी या कामात तांत्रिक सल्ला देण्यासाठी होतो.

पार्श्वभूमी

हे कुटुंब मूळचं मासेमारीतलं. मालवण तालुक्यातल्या एका खाडीत त्यांनी कर्ज काढून दोन खोल्यांची फायबरची हाउसबोट उतरवली. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर गाव आहे. बोट दिवसा पर्यटकांना फिरवते आणि संध्याकाळी गावासमोर, किनाऱ्यापासून साधारण १२० मीटरवर नांगर टाकते. पाहुणे रात्री बोटीवरच झोपतात.

बोटीवर एक टनाचे दोन एसी, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, स्वयंपाकघरात मिक्सर, शिवाय दिवे-पंखे. त्यासाठी ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला. एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा, मिनिटाला ३००० फेरे घेणारा, वर कसलंही आवरण नसलेला उघडा सेट. वजन शंभर किलोंच्या थोडं वर. मागच्या डेकवर, मागच्या खोलीच्या भिंतीला लागून, थेट बोल्ट मारून तो बसवला होता.

व्यवहार मालक बघतात. बुकिंगचे फोन, पाहुण्यांची सरबराई आणि हिशेब त्यांच्या पत्नी बघतात. पुढे एका निर्णयात याला महत्त्व आलं.

अडचण

मागच्या खोलीतला पाहुणा सकाळी उठून खोली बदलून मागायचा. एक-दोन कुटुंबं रात्रीच उतरून गावातल्या लॉजवर गेली. तांडेलाची तक्रार वेगळी होती. सुकाणूवर उभं असताना पुढच्या होडीची हाळी ऐकू येत नाही, असं तो सांगायचा. खाडीच्या मुखाशी होड्यांची ये-जा असते, तिथे हा सुरक्षिततेचाच प्रश्न होता.

गावाची तक्रार सगळ्यात उशिरा आली, पण सगळ्यात गंभीर तीच होती. किनाऱ्यालगतच्या घरातल्या एका आजींनी मालकांना वाटेत थांबवून सांगितलं, "झिला, तुझा ता मशीन रातभर धडधडता. डोळो लागणा नाय."

१२० मीटरवरून एवढा त्रास कसा, हे मालकांना पटत नव्हतं. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची हवा त्यामानाने उबदार असली की वर जाणारा आवाज खाली वळतो, आणि सपाट पाणी तो फारसा शोषत नाही. त्यात रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. बोट खाडीत आणि गाव समुद्राच्या बाजूला, म्हणजे वारा बोटीवरून थेट गावात. दुपारी खारा वारा उलट वाहत असताना त्याच जागी उभं राहिलं तर आवाज बराच कमी ऐकू येतो. मालक नेहमी दिवसाच ऐकायला जात होते.

मोबाइलवरच्या ॲपने मोजलं तेव्हा जनरेटरपासून एक मीटरवर ९३ डेसिबल, मागच्या खोलीत उशीपाशी ६७ आणि किनाऱ्यावरच्या त्या घराच्या पायरीवर रात्री ५१. मोबाइलचा आकडा अचूक मानू नये, खालच्या सुरांत तर तो बराच चुकतो. पण एकाच फोनने, एकाच जागेवरून आधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. आजींची तक्रार रास्त होती.

मालकांनी आधी काय केलं होतं

मी जाण्यापूर्वी मालकांनी स्वतः प्लायचा खोका करून जनरेटरवर ठेवला होता. आतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, त्यावर गादीचा फोम, आणि उरलेल्या जागी थर्माकोल. हवेसाठी दोन बाजूंना झरोके.

आवाज जेमतेम कमी झाला आणि अर्ध्या तासात जनरेटर तापून बंद पडला. खोका उघडला तेव्हा सायलेन्सरजवळचा फोम काळा पडायला लागला होता आणि खालच्या कडेला डिझेल शोषून ओला झाला होता. डिझेलने भिजलेला फोम आणि लाल होणारा सायलेन्सर यांच्यात तळहाताएवढं अंतर. फायबरच्या बोटीवर, आत माणसं झोपलेली असताना. गादीचा फोम जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. तो खोका त्याच दिवशी उतरवला. या प्रकरणातला सगळ्यात निकडीचा निर्णय हाच होता आणि त्यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं.

हा प्रयोग किनाऱ्यावर अनेकजण करतात, म्हणून त्यात काय चुकतं ते सांगतो. अंड्यांचे ट्रे हलके आणि सच्छिद्र. खोलीतला घुमारा ते थोडा मोडतात, पण आवाज आरपार जाण्यापासून अडवत नाहीत. थर्माकोलची छिद्रं बंद असतात, त्यामुळे तो आवाज शोषत नाही, आणि वजन नसल्याने अडवतही नाही. गादीचा फोम शोषतो, पण फक्त वरचे सूर. एका सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन ३००० फेऱ्यांना सेकंदाला २५ वेळा पेटतं. २५ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास १४ मीटर असते. दोन इंच फोम तिला लागतसुद्धा नाही.

आवाज कुठून येतो याचा शोध

मालकांना पहिल्याच दिवशी सामानाची यादी हवी होती. कुठला फोम, कुठली शीट, किती जाड. यादी देण्याआधी आवाजाच्या वाटा वेगळ्या करून बघायच्या, असा आग्रह मी धरला. त्याला खर्च जवळजवळ शून्य होता.

सुरुवात तांडेलाच्या बोलण्यातून झाली. मागच्या खोलीत अनवाणी उभा राहून तो म्हणाला, "कानाक कमी, पायाक जास्त लागता." म्हणून आधी बोल्ट काढले, चेन ब्लॉकने जनरेटर उचलला आणि खाली ट्रकच्या टायरची कमी हवा भरलेली ट्यूब ठेवून त्यावर टेकवला. दोरीने आधार देऊन थोडा वेळच चालवला. बाहेर एक मीटरवरचा आकडा तसूभर हलला नाही. खोलीतला आवाज मात्र दहा-बारा डेसिबलने खाली आला. म्हणजे पाहुण्यांना त्रास देणारा आवाज मुख्यतः हवेतून येत नव्हता. तो जनरेटरच्या पायांतून डेकमध्ये, डेकमधून भिंतीत शिरत होता आणि फायबरची पातळ भिंत एखाद्या पडद्यासारखी कापत तो खोलीत सोडत होती. त्या भिंतीवर कितीही फोम चिकटवला असता तरी उपयोग नव्हता.

मग एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर जाण्याची वाट. सायलेन्सरच्या तोंडाला तात्पुरता लांब पाइप आणि गॅरेजमधून आणलेला एक मोठा जुना सायलेन्सर जोडला आणि किनाऱ्यावर माणूस उभा केला. तिथली धडधड बरीच बसली, एक मीटरवरचा आकडा थोडाच उतरला. म्हणजे गावाला जागं ठेवत होता तो मुख्यतः एक्झॉस्ट.

उरली इंजिनची खडखड, झडपांचा आणि पंख्याचा आवाज. हा वरच्या सुरांचा आवाज हवेतून जातो, आणि खोका खऱ्या अर्थाने त्यालाच लागतो.

तीन तक्रारी, तीन वाटा. सगळे ज्यावर पैसे घालायला निघाले होते ती खोक्याची भिंत तिसऱ्या क्रमांकावर होती. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

वजनाची मर्यादा

बोट आधीच मागे थोडी बसलेली होती. डेकवरचं पाणी वाहून जाण्याची मागची भोकं पाण्याच्या रेषेपासून फार वर नव्हती. पाहुणे सूर्यास्त बघायला मागच्या डेकवर गोळा झाले की ती आणखी खाली जात. शिवाय जनरेटर डेकवर, म्हणजे बोटीच्या गुरुत्वमध्याच्या वर. तिथे वाढवलेला प्रत्येक किलो बोट कलायला मदत करतो.

बोटीची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरशी बोलून ठरलं की मागे नवीन सामान सत्तर किलोंच्या आतच असावं, आणि तेवढ्याच तोलाचं काही मागून पुढे हलवावं. पिण्याच्या पाण्याची एक टाकी पुढच्या भागात नेली. बोटीवर वजन किंवा यंत्र बदललं की सागरी मंडळाच्या सर्व्हेला ते कळवलं पाहिजे. काहीजण हे टाळतात. बोट कलली तर आत पर्यटक असतात, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

कोणते पर्याय तोलले

तयार 'सायलेंट' सेट घ्यावा, हा मालकांच्या भावाचा सल्ला होता. २००५ पासून बनणाऱ्या डिझेल सेटना आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवरण कारखान्यातच बसवून यावं असा नियम आहे. नव्याने बोट करणाऱ्याने सरळ हाच विचार करावा. इथे जुना सेट विकून नवा घ्यायला पैसा नव्हता, आणि मिळत होते ते सेट दीडशे किलोंच्या पुढचे. शिवाय पत्र्याचं आवरण खाऱ्या हवेत लवकर गंजतं आणि कंपनाचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

दुसरा पर्याय पाण्यावर थंड होणाऱ्या मरीन जनरेटरचा. त्यात खाऱ्या पाण्याचा फवारा एक्झॉस्टमध्येच सोडतात, त्यामुळे धूर थंड होतो आणि आवाजही विझतो. आवाजाच्या दृष्टीने याला तोड नाही. पण किंमत बोटीच्या कर्जाच्या हप्त्यांशी जुळेना, आणि ओहोटीला ही खाडी इतकी गढूळ होते की पाणी खेचणारा पंप गाळाने सतत त्रास देणार.

तिसरा, फायबरचाच हलका खोका. बोट बांधणाऱ्या कारागिराने मध्ये फोम भरलेल्या फायबरच्या सँडविच पॅनलचा खोका सुचवला. हलका, ताठ, न गंजणारा, आणि त्याच्या हातचं काम. दिसायला सगळ्यात योग्य हाच होता. अडचण अशी की भिंत आवाज अडवते ती मुख्यतः तिच्या दर चौरस मीटर वजनामुळे. वजन दुप्पट केलं तर साधारण सहा डेसिबल जास्त अडतात, निम्मं केलं तर तेवढेच सुटतात. ताठ आणि हलकं पॅनल त्यातही वाईट, कारण मधल्या सुरांना ते स्वतःच कापायला लागतं. आवाज अडवायला लागतं ते जड आणि लुळं. कारागिराला हे पटवायला वेळ लागला. पॅनलच्या तुकड्यामागे आणि जड, लवचीक व्हिनाइल शीटच्या तुकड्यामागे वाजता रेडिओ ठेवून दाखवला, तेव्हा पटलं.

चौथा, रात्री जनरेटर चालवायचाच नाही. यावर घरातच दोन मतं होती. मालकांचं म्हणणं, एसी आहे म्हणून पाहुणा येतो, एसी बंद तर भाडं अर्धं. त्यांच्या पत्नींनी बुकिंगची वही काढली. पाहुण्यांनी जाताना जे काही सांगितलं ते त्या लिहून ठेवत. आवाजाबद्दल पानोपानी होतं, उकाड्याबद्दल एप्रिल-मे आणि ऑक्टोबर सोडून क्वचितच. डिसेंबर-जानेवारीत खाडीवर रात्री पंखासुद्धा मंद करावा लागतो. मग तेव्हा एसी रात्रभर कुणासाठी चालतो? मालकांकडे याला उत्तर नव्हतं. तांत्रिक तपासणीने सांगितलं नसतं ते त्या वहीने सांगितलं.

काय ठरलं

क्रम असा ठरला: आधी एक्झॉस्ट, मग पाय, मग खोका. आणि थंडीच्या महिन्यांत रात्री १० नंतर जनरेटर बंद. त्या वेळी पंखे आणि दिवे बॅटरीवर. दोन कमी विजेचे पंखे आणि थोडे दिवे मिळून ८० वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे आठ तासांना साधारण ६५० वॉट-तास. १०० अँपिअर-तासांच्या एका १२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत याच्या जवळपास दुप्पट साठा असतो आणि तिचं वजन बारा-तेरा किलो. इन्व्हर्टरची नेहमीची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडली असती, पण तिचं वजन पन्नासच्या वर. वजनासाठीच महाग बॅटरी घेतली आणि पुढच्या भागात ठेवली.

रात्री फक्त पंखे-दिव्यांसाठी ५ केव्हीएचा सेट चालवणं इंजिनलाही वाईट होतं. डिझेल इंजिन तासन्‌तास नगण्य लोडवर चाललं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी साचते. या सेटच्या सायलेन्सरमध्ये ती साचलेली दिसत होतीच.

प्रत्यक्ष काम

काम पावसाळ्यात केलं. मेच्या शेवटी किनाऱ्यावरचं जलपर्यटन बंद होतं ते थेट सप्टेंबरपर्यंत, आणि बोटी वर ओढलेल्या असतात.

एक्झॉस्टचं काम सगळ्यात सोपं होतं. इंजिनच्या तोंडापासून लवचीक स्टीलचा बेलो (घड्यांची नळी), मग मोठा सायलेन्सर, पुढचा पाइप इंजिनच्या तोंडापेक्षा एक माप मोठा. पाइप अरुंद किंवा जास्त वळणांचा झाला तर धूर मागे दाबला जातो आणि इंजिन तापतं. पाइपवर काचतंतूंच्या कापडाची पट्टी गुंडाळली, सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नट ठेवला.

पाइपचं तोंड कुठे काढायचं यावर मात्र बराच खल झाला. छपरावर काढलं तर धूर वर जातो, पण आवाज मोकळ्या हवेत चारी दिशांना पसरतो. बाजूला, पाण्याजवळ काढलं तर आवाज दबतो, पण नांगरावरची बोट भरती-ओहोटीबरोबर फिरते. मग कधी तोंड गावाकडे येणार, कधी वारा धूर खिडकीत आणणार. शेवटी तोंड बाजूलाच, खारफुटीच्या दिशेला काढलं आणि रात्री बोट एका नांगरावर न ठेवता पुढून-मागून दोन्हीकडे बांधायची असं ठरवलं. म्हणजे ती फिरत नाही. दोन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावले. या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. बाकी कशातही काटकसर करा, यात नको.

पायांसाठी चार रबर माउंट, म्हणजे हादरे खाली जाऊ न देणाऱ्या रबरी बैठका. जनरेटरच्या वजनाखाली रबर साधारण ३ मिमी दबेल असं माप निवडलं. तेवढं दबलं की त्या बैठकीची स्वतःची हेलकाव्याची गती सेकंदाला नऊच्या आसपास येते. इंजिनचे हादरे सेकंदाला २५ (पेटण्याचे) आणि ५० (फिरण्याचे), म्हणजे बरेच वर, त्यामुळे त्यांतला थोडाच भाग खाली उतरतो. रबर फार कडक घेतलं असतं तर काही फरक पडला नसता, आणि बैठकीची गती इंजिनच्या गतीशी जुळली असती तर हादरे उलट वाढले असते. माउंट डेकच्या पातळ भागावर न बसवता खाली आडवी फासळी आहे तिथेच बसवले. बोट हलते तेव्हा सेट उडू नये म्हणून अडवणारे स्टॉपर असलेलेच माउंट घेतले. मग एक्झॉस्ट, डिझेलची नळी आणि केबल तिन्हींना सैल वळसा दिला. एक ताठ नळी राहिली तरी हादरे तिच्यातून खाली जातात.

आता खोका. पहिली अट हवेची. तीन किलोवॉटच्या आसपास वीज देताना या सेटमधून चार-पाच किलोवॉट उष्णता धुराशिवाय नुसती अंगातून बाहेर पडते. ती आतल्या हवेला १२ अंशांहून जास्त न तापवता काढायची तर सेकंदाला साधारण ०.३५ घनमीटर हवा लागते. ती सावकाश, फार आवाज न करता जावी यासाठी येण्या-जाण्याच्या दोन्ही वाटा २५ बाय ३० सेंटिमीटरच्या.

आणि इथेच हलक्या खोक्यांचा घात होतो. होडीच्या तळाला एक भोक असलं तर बाकीच्या फळ्या कितीही जाड असून काय उपयोग, तसंच हे. भिंतीच्या क्षेत्राच्या एक टक्का जागा उघडी राहिली तर भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या पुढे काही अडत नाही. आमच्या दोन झरोक्यांची मिळून तीन टक्के होत होती, म्हणजे पंधराच्या आसपास. म्हणून झरोके सरळ न ठेवता प्रत्येकाला दोन काटकोन वळणांचा बोगदा केला, आतून रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) लावून. हवा वळते, आवाज प्रत्येक वळणावर भिंतीत मरतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला स्वतःचा पंखा असतो, तो एका बाजूने गार हवा घेऊन दुसऱ्या बाजूने गरम फेकतो. ती गरम हवा खोक्यात न सोडता कापडी गळ्यातून थेट बाहेर जाणाऱ्या बोगद्यात नेली. हे केलं नाही तर इंजिन स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा घेत राहतं.

भिंतीची रचना बाहेरून आत अशी: ६ मिमी मरीन प्लाय, त्यावर खनिज पूड भरलेली लवचीक व्हिनाइल शीट, ही दर चौरस मीटरला पाच किलोंची, मग ५० मिमी रॉकवूल, त्यावर तेल आत शिरू नये आणि तंतू उडू नयेत म्हणून काचतंतूंचं घट्ट कापड, आणि वर स्टेनलेसची जाळी. रॉकवूल जळत नाही, हे ते निवडण्याचं पहिलं कारण. सगळीकडे व्हिनाइल लावली तर वजन सत्तरच्या वर जात होतं. म्हणून खोलीची बाजू, गावाची बाजू, छप्पर आणि एक टोक एवढ्याच भागावर ती लावली. खारफुटीच्या बाजूला घरं नाहीत, तिथे नुसता प्लाय आणि रॉकवूल. जाळीही छिद्रांच्या ॲल्युमिनियम पत्र्याऐवजी घेतली, त्यात काही किलो वाचले आणि खाऱ्या हवेत स्टेनलेस स्क्रूंभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जाण्याची भीतीही गेली.

खोका जनरेटरला कुठेही टेकत नाही. तो डेकवर वेगळ्या रबर पट्टीवर बसतो. झाकणाच्या कडेला दाराची रबर पट्टी आणि दाबून बसणाऱ्या कड्या. डिझेलची टाकी सेटच्या डोक्यावर होती ती खोक्याबाहेर काढून मध्ये बंद करायचा कॉक बसवला. झाकण न उघडता आग विझवण्याच्या सिलिंडरची नळी आत घालता येईल असं बुचाचं भोक ठेवलं. सगळं मिळून खोका ६६ किलोंचा झाला. सायलेन्सरचं वजन वरच्या फासळीने घेतलं, त्यासाठी आणखी थोडं सामान पुढे हलवलं आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलावलं.

निकाल

एक्झॉस्टनंतर किनाऱ्यावरचा आकडा ५१ वरून ४६ वर आला. माउंट बसल्यावर मागच्या खोलीत ६७चे ५६ झाले. खोका झाल्यावर एक मीटरवर ७५, खोलीत ४८. किनाऱ्यावर मात्र वाऱ्याच्या आणि रातकिड्यांच्या आवाजातून जनरेटरचा आवाज ॲपला वेगळा काढता येईना. मतलई वारा असलेल्या रात्री नीट कान दिला तर हलकी धडधड जाणवते. तो तळाचा सूर हलक्या भिंतीने जाणार नव्हता, आणि हे मालकांना आधीच सांगितलेलं होतं.

खर्चाचा सुमारे एक तृतीयांश भाग एक्झॉस्ट आणि माउंटवर गेला. गाव आणि पाहुणे या दोन मोठ्या तक्रारींचा बराच भाग तिथेच सुटला होता.

एप्रिलच्या ऐन उन्हात, दोन्ही एसी चालू असताना, खोक्याच्या आत सगळ्यात गरम जागी ५२ अंश निघाले. इंजिन बंद पडलं नाही. तांडेल आता सुकाणूवरून हाळी ऐकू शकतो. मागच्या खोलीची मागणी वाढली, कारण सूर्यास्त तिथूनच दिसतो.

काय वेगळं करता आलं असतं

जनरेटर घेण्याआधी विजेचा हिशेब मांडायला हवा होता. एसी इन्व्हर्टरचे घेतले असते तर सुरू होतानाचा झटका कमी आणि ५ केव्हीएऐवजी लहान सेट पुरला असता. लहान सेट म्हणजे कमी उष्णता, लहान झरोके, लहान आणि हलका खोका. पहिल्या खरेदीने पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं.

झाकणाची दिशा कारागिराने बोटीच्या सोयीने ठरवली, ऑइल बघणाऱ्याच्या सोयीने नाही. ऑइलची पट्टी पाण्याच्या बाजूला आली. खलाशाला रोज कठड्यावरून वाकावं लागू लागलं, म्हणून मग एक छोटी खिडकी कापावी लागली. तिच्या कडेतून आवाज गळायचा, पुन्हा रबर लावावं लागलं. आराखड्याआधी खलाशाला जनरेटरभोवती रोजची कामं करायला लावून बघायला हवं होतं.

खोक्यातली हवा बाहेर खेचायला लावलेला पहिला पंखा लहान आणि वेगवान होता. खोका शांत झाल्यावर त्याचीच शिट्टी ऐकू यायला लागली. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा आधीच घेतला असता तर दोनदा खर्च झाला नसता.

जेटीवरून रात्री विजेची जोडणी घेण्याचा पर्याय सुरुवातीला गंभीरपणे तपासला गेला नाही. परवानग्यांना वेळ लागतो म्हणून तो बाजूला पडला. तो अर्ज काम सुरू करतानाच द्यायला हवा होता. उन्हाळ्यात रात्रभर एसी चालवण्याचा प्रश्न त्याशिवाय पूर्ण सुटत नाही. अर्ज आता दिला आहे. तोवर एप्रिल-मेमध्ये रात्री एकाच खोलीचं बुकिंग घ्यायचं आणि जनरेटर बाराला बंद करायचा, असं मालकांनी आणि त्यांच्या पत्नींनी ठरवलं आहे. किनाऱ्यालगतच्या घरांना त्यांनी ते जाऊन सांगितलंही.

माउंटचं रबर हा पुढच्या पावसाळ्यातला तपासणीचा पहिला मुद्दा आहे. साधं रबर डिझेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. एका माउंटवर गळतीचा डाग दिसला आहे, तो काढून तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचा बसवायचा आहे.